नव्या लेन्सची तीक्ष्णता कशी तपासावी आणि दोन नगांतला फरक कसा ओळखावा

एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या, एकाच नावाच्या दोन लेन्स तंतोतंत सारख्या नसतात. कॅननच्या ५० मिमी एफ/१.८ एसटीएम या साध्या लेन्समध्ये ५ गटांत मिळून ६ भिंगे असतात, तर त्याच कंपनीच्या ७०-२०० मिमी एफ/२.८ आयएस लेन्सच्या दुसऱ्या आवृत्तीत १९ गटांत २३ भिंगे असतात. यांपैकी प्रत्येक भिंग मधोमध, जराही न कलता आणि शेजारच्या भिंगापासून ठरलेल्या अंतरावर बसले, तरच आराखड्यात अपेक्षिलेले चित्र मिळते, आणि ही अचूकता मिलिमीटरच्या शतांशांत पाळावी लागते. साहजिकच प्रत्येक नगात थोडीफार तफावत उरते. कंपनीने आखलेल्या मर्यादेत ती बसली की लेन्स बाजारात येते. ती मर्यादा नेमकी किती, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही.

कंपनीच्या संकेतस्थळावरील एमटीएफ आलेखांवरूनही (लेन्स बारीक तपशील किती स्पष्ट दाखवते, हे सांगणाऱ्या आलेखांवरूनही) ते कळत नाही. अनेक कंपन्यांचे आलेख आराखड्यावरून गणिताने काढलेले असतात. त्सायससारखी कंपनी प्रत्यक्ष मोजलेले आलेख देते, पण तेही आपल्या हातातल्या नगाचे नसतात. अमेरिकेत लेन्स भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्स या कंपनीचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकेका लेन्सचे सहसा १० नग ऑप्टिकल बेंचवर, म्हणजे लेन्स मोजण्याच्या प्रयोगशाळेतील यंत्रावर, मोजून त्यांची सरासरी आणि त्यांच्यातला फरक प्रसिद्ध करण्याचा पायंडा पाडला. त्या मोजमापांतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या: नगानगांत फरक असतोच, आणि झूम लेन्समध्ये तो एका फोकल लेंथच्या लेन्सपेक्षा सहसा जास्त असतो.

असा बेंच आपल्याकडे नाही. तरीही एक भक्कम ट्रायपॉड, एक सपाट भिंत, वर्तमानपत्राची काही पाने आणि मोकळी गच्ची एवढ्यावर इंदूरमधल्या कोणत्याही घरी विश्वासार्ह तपासणी करता येते. अट एकच आहे, आणि हा सगळा लेख त्या अटीभोवती फिरतो: लेन्सविषयी मत बनवण्याआधी आपल्या तपासणीत स्वतःचीच किती चूक आहे, हे मोजले पाहिजे. नवशिक्यांनी सदोष ठरवलेल्या लेन्सपैकी बऱ्याच लेन्स निर्दोष असतात, आणि दोष तिरक्या ठेवलेल्या कॅमेऱ्याचा किंवा चुकलेल्या फोकसचा असतो, असे माझे ठाम मत आहे.

काय शोधायचे आहे

दोन दोष मुख्य आहेत. एखादे भिंग अक्षापासून बाजूला सरकलेले असले, तर चित्राचा एखादा कोपरा किंवा एक बाजू पुसट येते, आणि पुष्कळदा तिथल्या रेषांना एकाच दिशेने शेपूट फुटल्यासारखे दिसते. भिंग किंवा भिंगांचा गट कललेला असला, तर फोकसचे प्रतल, म्हणजे ज्या पातळीतले सगळे तीक्ष्ण येते ती पातळी, तिरपे होते. डावीकडचे जवळच्या अंतरावर तीक्ष्ण, तर उजवीकडचे दूरच्या अंतरावर तीक्ष्ण, असे काहीतरी घडते. व्यवहारात ही दोन्ही लक्षणे मिसळून येतात, पण त्यांच्यात फरक करण्याची एक सोपी रीत आहे. जो कोपरा वाईट दिसतो, त्याच कोपऱ्यावर फोकस करून पुन्हा चित्र घ्यावे. तो कोपरा आता इतर कोपऱ्यांइतकाच तीक्ष्ण आला, तर प्रश्न कलण्याचा आहे. ती कल लेन्समधली असेल किंवा आपल्या मांडणीतली. त्यावर फोकस करूनही तो पुसटच राहिला, तर सरकलेल्या भिंगाचा संशय बळावतो.

याउलट, चारही कोपरे मध्यभागापेक्षा सारख्याच प्रमाणात मऊ येणे, उघड्या अपर्चरला (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र पूर्ण उघडे असताना) कडा काळवंडणे, फोकसचे प्रतल दोन्ही बाजूंना सारखेच वळलेले असणे, हे आराखड्याचे गुणधर्म आहेत. त्यासाठी लेन्स बदलून घेतली, तरी दुसरा नग तसाच निघेल. तपासणीत म्हणूनच मध्य आणि कोपरा यांची तुलना दुय्यम, आणि कोपऱ्याची कोपऱ्याशी तुलना मुख्य मानावी.

तयारी

ट्रायपॉड हलका असेल तर मधल्या दांड्याच्या हुकाला वजन टांगावे आणि ते झुलणार नाही असे पाहावे. मधला दांडा वर काढू नये. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवावा, कारण गच्चीवरच्या वाऱ्यात तो फडफडतो आणि तेवढी थरथर चित्रात उतरते. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढावा. स्वस्त फिल्टरमुळे, विशेषतः लांब फोकल लेंथवर, चांगल्या लेन्सचे चित्रही बिघडते. पुढची आणि मागची काच स्वच्छ असल्याची खात्री करावी.

कॅमेऱ्यात आयएसओ १०० किंवा जो मूळ आकडा असेल तो ठेवावा, चित्रे रॉ स्वरूपात (सेन्सरने टिपलेली, कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) घ्यावीत, व्हाइट बॅलन्स ठरावीक ठेवावा आणि लेन्समधील किंवा कॅमेऱ्यातील स्थिरीकरण बंद करावे. शटर बटण हाताने दाबून लगेच चित्र घेऊ नये. १० सेकंदांचा टायमर वापरावा. आरशाचा कॅमेरा (डीएसएलआर) असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून, काम करावे, आणि शटरची थरथर कमी करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन शटरची सोय असेल तर ती चालू करावी. फोकस हाताने, पडद्यावर चित्र १० पट मोठे करून करावा. संगणकावर रॉ फाइल उघडताना शार्पनिंग, नॉइज रिडक्शन आणि लेन्स करेक्शन हे तिन्ही बंद किंवा सर्व चित्रांना समान ठेवावेत. त्यासाठी रॉ-थेरपी किंवा डार्कटेबल ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत.

अपर्चर कोणते घ्यावे, यात गोंधळ होतो. पूर्ण उघडे अपर्चर, त्यानंतर एकेक स्टॉप (दर पायरीला प्रकाश निम्मा) कमी करत एफ/८ पर्यंत जावे आणि तिथे थांबावे. नगांतला फरक उघड्या अपर्चरला सर्वांत ठळक दिसतो. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, आणि एफ/१६ ला हिरव्या प्रकाशाच्या एका बिंदूची चकती साधारण २१ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) व्यासाची होते. २४ मेगापिक्सेलच्या पूर्ण आकाराच्या सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी मात्र ६ मायक्रॉन असते. त्यामुळे तिथे चांगला आणि वाईट नग सारखेच मऊ दिसतात, आणि तुलनेला अर्थ उरत नाही.

हवा आणि वेळ

इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेमध्ये दिवस थोडा वर चढला की सिमेंटच्या गच्च्या, पत्र्याची छपरे आणि डांबरी रस्ते तापतात, आणि त्यांच्यावरून उठणारी गरम हवा दूरच्या वस्तूची प्रतिमा सतत हलवत राहते. अशा वेळी १०० मीटरवरचे फलक कोणत्याही लेन्सने तीक्ष्ण येणार नाहीत, आणि लांब फोकल लेंथच्या लेन्सवर तर अन्यायच होईल. ही थरथर ओळखण्यासाठी एकाच मांडणीत लागोपाठ काही चित्रे घ्यावीत. सरळ कडा प्रत्येक चित्रात वेगळ्या ठिकाणी वाकलेली दिसली, तर त्या दिवशीची बाहेरची तपासणी तिथेच थांबवावी.

उन्हाळ्यात सूर्योदयानंतरचा पहिला तास, आणि एरवी पाऊस पडून गेल्यानंतरची स्वच्छ सकाळ, या वेळा मला सर्वांत योग्य वाटतात. हिवाळ्यातल्या सकाळी गारवा असला तरी धूर आणि धुके यांमुळे दूरचे लक्ष्य फिके पडते. लेन्सलाही हवेशी जुळवून घ्यायला वेळ द्यावा: थंड खोलीतून किंवा वातानुकूलित गाडीतून ती थेट उन्हात काढली, तर नळी आणि काचा यांचे तापमान बदलत असताना फोकसही सरकत राहतो. पिशवीतच अर्धा तास बाहेर ठेवून मग काम सुरू करावे. पावसाळ्यात याच कारणाने थंड काचेवर दमट हवेचा ओलावा धरतो.

भिंतीवरची चाचणी

घरातली प्लास्टर केलेली सपाट भिंत घ्यावी. विटांची उघडी भिंत सोयीची वाटते, पण विटा पुढेमागे असतात आणि उघड्या अपर्चरला तेवढाही फरक दिसतो. कॅमेरा भिंतीपासून फोकल लेंथच्या सुमारे ५० पट अंतरावर ठेवावा. म्हणजे ५० मिमीसाठी २.५ मीटर, ८५ मिमीसाठी ४.२५ मीटर. या अंतरावर पूर्ण आकाराच्या सेन्सरच्या चौकटीत फोकल लेंथ कोणतीही असली तरी साधारण १.८ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच भिंत मावते, आणि एपीएस-सी या लहान सेन्सरच्या चौकटीत साधारण १.२ मीटर रुंद आणि ०.८ मीटर उंच.

एकाच दिवसाच्या वर्तमानपत्राच्या पाच प्रती आणाव्यात आणि छोट्या जाहिरातींचे एकच पान पाचही प्रतींतून काढून मध्यभागी व चार कोपऱ्यांत चिकटवावे. सगळीकडे तोच मजकूर, तोच टाइप आणि तोच कागद असल्यामुळे डोळ्याला तुलना सोपी जाते. कागद सुरकुतता कामा नये. सनबोर्डावर चिकटवून मग बोर्ड भिंतीला लावले तर अधिक चांगले. फ्लेक्सवर छापून घेऊ नये, कारण त्याचे ठिपकेच मोठे असतात.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, म्हणजे कॅमेरा भिंतीला समांतर करणे. डोळ्याच्या अंदाजाने किंवा स्पिरिट लेव्हलने हे पुरेसे साधत नाही. एक छोटा, चौकट नसलेला सपाट आरसा चित्राच्या बरोबर मध्यबिंदूवर भिंतीला टेकवून धरावा आणि कॅमेऱ्यातून पाहावे. आरशात आपल्याच लेन्सचे प्रतिबिंब दिसेल. त्या प्रतिबिंबाचे केंद्र आणि चौकटीचे केंद्र एकमेकांवर येईपर्यंत कॅमेरा वर-खाली व डावी-उजवीकडे सरकवावा आणि वळवावा. दोन्ही केंद्रे जुळली की लेन्सचा अक्ष भिंतीला काटकोनात आला. मग आरसा काढून, मध्यभागावर फोकस करून, प्रत्येक अपर्चरला तीन-तीन चित्रे घ्यावीत. तीनही वेळा फोकस पूर्णपणे हलवून नव्याने करावा आणि तिन्हींतले सर्वांत चांगले चित्र निवडावे, कारण फोकसच्या चुकीमुळे चित्र फक्त बिघडू शकते, लेन्सच्या क्षमतेपेक्षा चांगले येऊ शकत नाही.

काही लेन्समध्ये अपर्चर लहान केल्यावर फोकसचे स्थानच थोडे पुढेमागे होते. एफ/२.८ ला मध्यभाग एफ/१.८ पेक्षा मऊ आल्यास लेन्सला नावे ठेवण्यापूर्वी एफ/२.८ वरच पुन्हा फोकस करून पाहावे.

आपल्या पद्धतीची चूक मोजणे

लेन्सला हात न लावता फक्त फोकसचे वलय फिरवून, पूर्ण उघड्या अपर्चरला, त्याच मांडणीत १० चित्रे घ्यावीत. निम्म्या वेळा वलय जवळच्या टोकाकडून आणि निम्म्या वेळा दूरच्या टोकाकडून आणावे. ही दहा चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली की त्यांच्यातही फरक दिसेल. लेन्स तीच, भिंत तीच, माणूस तोच असताना पडलेला हा फरक म्हणजे आपल्या तपासणीची चूक होय. यापुढे दोन कोपऱ्यांत किंवा दोन नगांत दिसलेला फरक या फरकापेक्षा स्पष्टपणे मोठा असेल, तरच त्याला फरक म्हणावे. हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण तो टाळून केलेल्या कोणत्याही तुलनेवर माझा विश्वास बसत नाही.

ज्यांना आकड्यांत मोजायचे असेल, त्यांनी फ्रान्स व्हॅन डेन बर्ग यांचे एमटीएफ मॅपर हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. पांढऱ्या कागदावर छापलेला काळा चौकोन सुमारे ५ अंशांनी तिरका लावला की त्याच्या कडेवरून हे सॉफ्टवेअर तीक्ष्णतेचा आकडा काढते. समजा, एकाच कडेचे दहा आकडे ०.२८ ते ०.३२ यांच्या दरम्यान आले, तर ०.३० आणि ०.३१ या दोन कोपऱ्यांत फरक आहे, असे म्हणता येणार नाही. ०.३१ आणि ०.१९ यांबद्दल मात्र बोलता येईल.

दुसरी पडताळणी कॅमेरा उलटा करून करावी. ट्रायपॉडचे डोके वळवून किंवा कॅमेरा खाली टांगून तो १८० अंशांनी फिरवावा, आरशाने समांतरता पुन्हा जुळवावी आणि तीच चित्रे घ्यावीत. आधी भिंतीच्या डावीकडचा वरचा कागद पुसट होता आणि आता उजवीकडचा खालचा कागद पुसट झाला, तर दोष कॅमेऱ्याबरोबर फिरला. म्हणजे तो लेन्सचा किंवा सेन्सरचा आहे. उलट, भिंतीवरचा तोच कागद पुन्हा पुसट आला, तर दोष मांडणीचा आहे. लेन्स की सेन्सर, हे ठरवायला त्याच कॅमेऱ्यावर दुसरी कोणतीही बरी लेन्स लावून तोच कोपरा पाहावा. दोन वेगळ्या लेन्स एकाच कोपऱ्यात कमी पडल्या, तर कॅमेऱ्याच्या माउंटकडे (लेन्स बसवायच्या कड्याकडे) किंवा सेन्सरच्या बैठकीकडे लक्ष द्यावे.

मोजण्याच्या साधनावर आंधळा विश्वास ठेवल्याचे सर्वांत महागडे उदाहरण हबल दुर्बिणीचे आहे. १९९० मध्ये ती अंतराळात गेली तेव्हा तिचा मुख्य आरसा अत्यंत काटेकोरपणे, पण चुकीच्या आकारात घासलेला निघाला, कारण तो तपासणाऱ्या उपकरणातलेच एक भिंग सुमारे १.३ मिमीने चुकीच्या जागी बसवले होते. दुसऱ्या, साध्या चाचण्यांनी विसंगती दाखवली होती. ती बाजूला सारली गेली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन तिच्यावर उपाय केला. आपल्यापुरते यातून एवढेच घ्यावे की एका चाचणीने दोष दाखवला, तर तो वेगळ्या तत्त्वावरच्या दुसऱ्या चाचणीतही दिसतो का, हे पाहिल्याशिवाय लेन्स परत करू नये.

दूरच्या एकाच लक्ष्याने चार कोपरे तपासणे

ही दुसरी चाचणी मला सर्वांत जास्त आवडते, कारण तिच्यात समांतरतेचा प्रश्नच उरत नाही. एकच दूरचे, बारीक तपशिलाचे लक्ष्य निवडायचे, ते मध्यभागी घेऊन फोकस करायचा, फोकसला अजिबात हात न लावता कॅमेरा वळवून तेच लक्ष्य चौकटीच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने आणायचे, आणि शेवटी पुन्हा मध्यभागी आणून फोकस सरकलेला नाही याची खात्री करायची. लक्ष्य तेच आणि अंतरही जवळजवळ तेच असल्यामुळे चारही कोपरे समान यायला हवेत. प्रतल वळलेले असेल तर चारही सारखेच मऊ येतील. एकच मऊ आला, तर दोषाची शंका घ्यावी.

इंदूरमध्ये यासाठी १९०४ साली बांधलेल्या गांधी हॉलच्या मनोऱ्यावरची घड्याळाची तबकडी चांगली आहे: आकडे, काटे आणि भोवतीचे दगडी कोरीवकाम यांत सर्व दिशांच्या कडा मिळतात. लालबाग पॅलेसच्या लोखंडी फाटकाची नक्षीही उपयोगी पडते. लक्ष्य चित्राच्या उंचीच्या विसाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान दिसेल, इतके दूर उभे राहावे. वाइड लेन्सला हे सहज साधते, आणि भिंतीजवळ फार पुढे जावे लागत असल्यामुळे वाइड लेन्ससाठी भिंतीपेक्षा हीच चाचणी योग्य. घरच्या घरी करायचे असेल तर काळ्या-पांढऱ्या पाचरींचा सीमेन्स तारा ए३ कागदावर लेझर प्रिंटरने छापून, सनबोर्डावर लावून, शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या गच्चीच्या कठड्यावर बांधावा. पाचरी ताऱ्याच्या केंद्राच्या जितक्या जवळपर्यंत वेगळ्या दिसतात, तितकी त्या जागची तीक्ष्णता जास्त. तारा चौकटीच्या मध्यभागी असतानाही केंद्राभोवतीचा करडा ठिपका गोल न राहता एका बाजूला लांबला, तर तो सरकलेल्या भिंगाचा चांगला पुरावा असतो.

राजवाड्याचा दर्शनी भाग मोहात पाडतो. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि सगळीकडे सज्जे व नक्षी. पण त्याचे बुरूज आणि सज्जे पुढे आलेले आहेत. तो सपाट तक्ता नव्हे. संपूर्ण दर्शनी भाग एका चित्रात घेऊन डावा बुरूज उजव्यापेक्षा मऊ आला म्हणून लेन्सला दोष देऊ नये. राजवाड्याचा उपयोग करायचाच असेल, तर त्याचा एकच नक्षीदार खांब निवडून तो वरच्या रीतीने चारही कोपऱ्यांत न्यावा.

मैदानावरचे गवत

फोकसचे प्रतल कसे आहे ते एका चित्रात पाहायचे असेल तर चिमणबागसारख्या मैदानावर सकाळी जावे. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, आडव्या पातळीत आणि किंचित खाली झुकवून, पाच-सहा मीटरवरच्या गवतावर उघड्या अपर्चरला फोकस करावा. संगणकावर या चित्राला गिंप या मोफत सॉफ्टवेअरमधील एज डिटेक्ट (कडा शोधणारा) फिल्टर लावला की तीक्ष्ण गवताचा तेवढाच पट्टा उजळ दिसतो. पट्टा सरळ असेल तर प्रतल सपाट आहे; दोन्ही टोके सारखीच वर किंवा खाली वळली असतील तर तो आराखड्याचा स्वभाव आहे; पट्टा एका बाजूला तिरपा गेला, किंवा एका बाजूला रुंद होऊन विरघळला, तर भिंतीवर दिसलेल्या दोषाला दुजोरा मिळाला. मैदान समतल आणि कॅमेरा आडवा सरळ असणे मात्र आवश्यक आहे.

ऑटोफोकसची चूक वेगळी काढणे

वरच्या सर्व चाचण्यांत फोकस हाताने केला, तो याचसाठी. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस ओळखणारा सेन्सर वेगळा असतो आणि चित्र घेणारा वेगळा. दोन्ही मार्गांच्या लांबीत थोडा फरक पडला की फोकस सतत पुढे किंवा मागे बसतो. हाताने केलेला फोकस उत्तम आणि ऑटोफोकस सतत एकाच बाजूला चुकत असेल, तर लेन्स सदोष नाही. कॅमेऱ्यातील ऑटोफोकसच्या सूक्ष्म समायोजनाने ते दुरुस्त होते. मिररलेस कॅमेऱ्यात फोकस मुख्य सेन्सरवरच ठरत असल्यामुळे हा प्रश्न फारसा येत नाही.

झूम लेन्स आणि दोन नगांची तुलना

झूम लेन्स किमान तीन फोकल लेंथवर तपासावी: दोन टोके आणि मध्य. २४ मिमीला डावा कोपरा कमकुवत आणि ७० मिमीला उजवा, असे होऊ शकते, कारण झूम फिरवताना गट सरकतात. सर्व फोकल लेंथवर चारही कोपरे सारखे असलेली झूम लेन्स मिळण्याची अपेक्षा धरू नये. आपण ज्या टोकाला जास्त काम करतो, तिथे ती बरी आहे की नाही, एवढे पाहावे.

मित्राकडे तीच लेन्स असेल किंवा दुकानदार दोन पीस दाखवायला तयार असेल, तर दोन्ही एकाच कॅमेऱ्यावर तपासाव्यात. कॅमेरे वेगळे घेतले तर कॅमेऱ्यांतला फरक लेन्सच्या नावावर चढेल. आधी पहिला नग, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, मग पुन्हा दुसरा, अशा क्रमाने चित्रे घ्यावीत, म्हणजे दरम्यान उजेड बदलला किंवा ट्रायपॉड खचला तर ते लक्षात येईल. फाइलींची नावे दुसऱ्या कोणाकडून बदलून घेऊन, कोणते चित्र कोणत्या नगाचे हे माहीत नसताना गुण द्यावेत. नव्या किंवा महागड्या नगाकडे मन झुकतेच, आणि ते झुकणे डोळ्यांवर परिणाम करते.

किती फरक मोठा म्हणावा

लाला दीनदयाळ यांनी इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करत असताना १८७० च्या दशकात कॅमेरा हाती घेतला, आणि पुढे इंदूरमध्येच स्टुडिओ काढला. त्या काळी काचेच्या मोठ्या निगेटिव्ह प्लेट कागदावर टेकवून त्याच आकाराचे चित्र छापत; प्रतिमा सहसा मोठी केली जात नसे, म्हणून लेन्समधील बारीकसारीक उणिवा कागदावर उठून दिसत नसत. आज २४ मेगापिक्सेलचे चित्र आपण संगणकाच्या साध्या पडद्यावर पूर्ण आकारात पाहतो, तेव्हा ते सुमारे दीड मीटर रुंद चित्राकडे हातभर अंतरावरून पाहण्यासारखे असते. तपासणीसाठी तसे पाहावेच, पण निर्णय कामाच्या आकारावर घ्यावा.

लग्नाच्या अल्बममध्ये १२ बाय ३६ इंचांचे जोडपान असते आणि त्यावरचे एक चित्र बहुधा निम्म्या पानाचे, म्हणजे १२ बाय १८ इंचांचे. त्या आकारात वाईट कोपरा डोळ्यात भरत नसेल, तर तो दोष कामाच्या दृष्टीने नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांची (चित्ररथांची) मिरवणूक टिपणाऱ्याला एफ/१.८ वरचा मध्यभाग आणि त्याच्या दोन्ही बाजू महत्त्वाच्या. कोपऱ्यांत बहुतेक अंधारच असतो. कृष्णपुरा छत्र्यांचे कोरीवकाम एफ/८ ला घेणाऱ्याला मात्र चारही कोपरे हवेत, आणि एफ/८ लाही एक कोपरा पुसट राहत असेल, तर तो नग मी ठेवणार नाही.

खरेदी, परती आणि दुरुस्ती

खरेदीपूर्वीच लेन्स किती दिवसांत बदलून मिळेल, हे बिलावर लिहून घ्यावे आणि सर्व चाचण्या त्या मुदतीच्या पहिल्या निम्म्या भागात उरकाव्यात. जुनी लेन्स घेताना दुकानाच्या दारात उभे राहून समोरच्या दूरच्या पाटीवर चार कोपऱ्यांची चाचणी उघड्या अपर्चरला करावी. तिला दहा मिनिटे पुरतात. त्याचबरोबर अंधाऱ्या कोपऱ्यात दूर ठेवलेला मोबाइलचा दिवा चौकटीच्या बरोबर मध्यभागी घेऊन फोकस मुद्दाम बिघडवावा: प्रकाशाची चकती गोल आणि सर्व बाजूंनी सारखी उजळ असावी. मध्यभागातच ती एका बाजूला जड दिसली, तर पुढे बोलू नये. टॉर्च लेन्समधून आरपार मारून बुरशीचे जाळेही पाहावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ते सहज धरते.

दोष सिद्ध झाला, तर सेवा केंद्राला 'लेन्स मऊ आहे' एवढेच सांगून भागत नाही. चित्रातील कोणता कोपरा, कोणती फोकल लेंथ, कोणते अपर्चर, लक्ष्य किती दूर आणि फोकस कुठे, हे लिहून द्यावे, आणि सोबत मूळ रॉ फाइली, उलट्या कॅमेऱ्याची चित्रे व दुसऱ्या लेन्सने घेतलेले त्याच कोपऱ्याचे चित्र द्यावे. वॉरंटी असलेली लेन्स स्वतः उघडण्याचा प्रयत्न करू नये. दुरुस्ती होऊन आल्यावर त्याच भिंतीवर, त्याच अंतरावर, तीच पाने लावून आणि गांधी हॉलच्या त्याच तबकडीवर सर्व फोकल लेंथ पुन्हा तपासाव्यात, कारण झूमच्या एका टोकाला केलेली दुरुस्ती दुसऱ्या टोकाचा तोल बिघडवू शकते. आणि ही तुलना पूर्ण होईपर्यंत जुन्या फाइली पुसू नयेत.